क्लेम रॉटरडॅमला येतो, पण घडतो कुठे? द्राक्ष निर्यातीची साखळी सुधारताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: निफाड तालुक्यातले पॅकहाऊस, जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत रॉटरडॅमला आठवड्याला चार-पाच रीफर (शीत) कंटेनर, बहुतेक माल थॉमसन जातीचा. दर चौथ्या-पाचव्या कंटेनरवर क्लेम, म्हणजे खराब मालासाठी खरेदीदाराचा भरपाईचा दावा, येतो. देठ वाळलेले, मणी मऊ, कधी बुरशी. बागायतदार पॅकहाऊसकडे बोट दाखवतो, पॅकहाऊस जहाजाकडे, शिपिंग लाइन मालाकडे. सल्लागाराने लीन (वाया जाणारे काम आणि वेळ कमी करण्याची पद्धत) आणि सिक्स सिग्मा (मोजमापाने चुका कमी करण्याची पद्धत) यांचे नाव घेतले आणि तिसरे प्री-कूलिंग चेंबर, म्हणजे पॅक केलेल्या मालातून थंड हवा ओढून तो लवकर गार करायची खोली, बांधायला सांगितले. सुरुवात कुठून करायची, आणि सॉफ्टवेअर घ्यायचे का?

उत्तर: चेंबरचा निर्णय आधी दोन आठवडे थांबवा. तेवढ्या काळात फक्त एक गोष्ट मोजा: घड वेलीवरून कापल्यापासून त्याच्यावर थंड हवा सुरू होईपर्यंत किती तास जातात. तुम्ही वर्णन केलेल्या क्लेमपैकी मोठा भाग त्या तासांतून येत असणार असे मी ठामपणे म्हणतो, कारण वाळलेला देठ ही समुद्रावरची तक्रार क्वचितच असते. थॉमसनच्या घडाने वजनाच्या साधारण २ टक्के पाणी गमावले की देठ तपकिरी दिसू लागतो. मार्चच्या कोरड्या दुपारी शेडमध्ये पडलेल्या घडातून एका तासात जेवढे पाणी जाते, तेवढे शून्य अंशाच्या दमट शीतगृहात जायला कित्येक दिवस लागतात. रॉटरडॅमचा निरीक्षक फोटो काढतो तेव्हा गेलेले पाणी महिन्याभरापूर्वीच गेलेले असते.

कापलेल्या घडाचे आयुष्य वाढवणारी कोणतीही पद्धत नाही. ते वाया जायचे थांबवणे एवढेच हातात आहे. थॉमसन नीट हाताळला तर दीड-दोन महिने टिकतो. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांच्या घरात गेला. त्याआधी मार्च २०२१ मध्ये ऐन हंगामात सुएझ कालवा सहा दिवस बंद पडला होता. म्हणजे पूर्वी पॅकहाऊसमधली चार तासांची ढिलाई पोटात घालणारे जे दिवस शिल्लक असायचे, ते आता समुद्र खातो. प्रक्रिया तीच ठेवून क्लेम वाढले असतील तर त्याचे कारण हे आहे.

आता मोजणी. लीनमध्ये ज्याला मूल्यप्रवाहाचा नकाशा म्हणतात, तो भिंतीवर चिकटवायच्या रंगीत कागदांपासून सुरू करू नका. कंटेनरच्या दारापासून उलटे चालत बागेपर्यंत जा. प्रत्येक टप्प्यावर दोनच आकडे लिहा: प्रत्यक्ष काम किती मिनिटे, आणि त्याआधी वाट पाहणे किती. कामाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, वाट पाहण्याचे कोणालाच नसतात. टोयोटात ताईइची ओहनो यांनी वाट पाहणे हा वायफळ खर्चाचा स्वतंत्र प्रकार मानला तो याच कारणाने. कारखान्यात थांबलेला सुटा भाग निदान खराब होत नाही. द्राक्ष होते.

त्यासाठी क्रेटवर चिठ्ठी लावा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे जाड कागद, चार रंगांत. सकाळी ९ च्या आत खुडलेल्या मालाला पांढरी, ९ ते १० हिरवी, १० ते ११ पिवळी, ११ नंतर लाल. प्रत्येक वीस क्रेटमागे एक चिठ्ठी पुरते. तिच्यावर वरच्या ओळीत प्लॉटचा नोंदणी क्रमांक, खाली पाच टप्प्यांच्या वेळा: खुडा, बागेतून गाडी निघाली, गेटवर आली, ट्रिमिंगच्या (खराब मणी कापून काढण्याच्या) टेबलावर घेतली, प्री-कूलिंगचा पंखा सुरू झाला. भरलेली चिठ्ठी अशी दिसते: ८.४०, १०.२०, ११.०५, १२.५०, ४.१५. इथे खुड्यापासून थंड हवेपर्यंत ७ तास ३५ मिनिटे गेली. त्यात ट्रिमिंग, वजन आणि पनेट (विक्रीचे छोटे डबे) भरणे मिळून फार तर पाऊण तास, गाडीचा प्रवास पाऊण तास. बाकी सहा तास घड कुठेतरी थांबलेला आहे. उद्दिष्ट चार तासांचे ठेवा, आणि सहा तासांवर गेलेली प्रत्येक चिठ्ठी संध्याकाळी वेगळी काढून कारणासह फळ्यावर लावा.

चिठ्ठ्या सुरू व्हायच्या आधीच एक झटपट अंदाज घेता येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की रांगेतला माल भागिले तो सरकण्याचा वेग, म्हणजे थांबण्याचा सरासरी वेळ. पॅकिंग हॉलमध्ये ट्रिमिंगची वाट पाहत ४५० क्रेट आहेत, क्रेटमागे १० किलो धरले तर साडेचार टन. टेबले तासाला १.७५ टन उरकतात. म्हणजे आत्ता आलेल्या क्रेटला अडीच तास थांबायचे आहे. घड्याळ लागत नाही, क्रेट मोजता यायला हवेत. दर दोन तासांनी ही मोजणी हॉलच्या सुपरवायझरने करावी. ३०० च्या वर आकडा गेला की बागेत फोन जायला हवा.

तो फोन कशासाठी, यातच सगळी गोम आहे. आज बहुतेक ठिकाणी खुडा किती करायचा हे मजुरांच्या टोळ्या किती आल्या आणि बागायतदाराला किती घाई आहे यावर ठरते. टोळीला पैसे किलोवर मिळतात, म्हणून टोळी शक्य तितका माल शक्य तितक्या लवकर काढते. त्यांचे चुकत नाही. पण पॅकहाऊसच्या दारात ११ वाजता बारा टन एकदम येतो आणि दुपारभर हॉलमध्ये तापतो. इलियाहू गोल्डरॅट यांच्या मर्यादा सिद्धांतातली एकच गोष्ट इथे वापरायची आहे: साखळीतला सर्वांत अरुंद टप्पा शोधा आणि बाकी सगळ्यांना त्याच्या तालावर चालवा. तुमच्याकडे तो टप्पा प्री-कूलिंग असण्याची शक्यता मोठी आहे. खुड्याची वेळ आणि टनेज प्री-कूलिंगच्या मोकळ्या जागेवरून मागे मोजत ठरवा. टोळी एकला ८ ते ९.३०, टोळी दोनला ९.३० ते ११, असे स्लॉट द्या, आणि किलोच्या दरावर वेळेत आणलेल्या मालासाठी थोडा जादा दर जोडा. नुसती सूचना दिली आणि मजुरी तशीच ठेवली तर तिसऱ्या दिवशी सगळे जुन्या चालीवर येतात.

स्लॉट आखताना बागेची अडचण समजून घ्या. जानेवारीत निफाडला कडाक्याची थंडी असते आणि घडावर दव असते. ओला घड पनेटमध्ये गेला की बुरशीला आमंत्रण, त्यामुळे दव उतरेपर्यंत, म्हणजे साडेआठ-नऊपर्यंत कात्री लावता येत नाही. मार्चच्या शेवटी दव नसते, पण १० नंतर मणी तापतो. म्हणजे जानेवारीत खिडकी उशिरा उघडते आणि मार्चमध्ये लवकर बंद होते. एकच वेळापत्रक हंगामभर चालवले की ते दोनदा चुकते. तीन वेळापत्रके करा आणि बदलाची तारीख कॅलेंडर पाहून नव्हे, मण्याच्या गराचे तापमान पाहून ठरवा. बागेतच दहा मण्यांत सुईचा थर्मामीटर घालून सरासरी २४ अंशांच्या वर गेली की त्या दिवसाचा खुडा बंद. शेतकऱ्याला हे पटवणे कठीण जाते. आदल्या आठवड्याच्या त्याच्याच प्लॉटच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की बोलणे सोपे होते.

आता चेंबर. सल्लागाराने तिसरे चेंबर सुचवले तेव्हा बहुधा दिवसाचा एकूण माल भागिले दिवसाची क्षमता असा हिशेब केला असेल, किंवा दुपारी दारात रांग पाहिली असेल. रांग खरी आहे, पण तिचे कारण पाहा. समजा दोन चेंबर आहेत, प्रत्येकी ६ टनांचे, आणि एक फेरी ६ तासांची. दिवसाचा माल १४ टन, टेबलांवरून तासाला १.७५ टन, सकाळी १० ते संध्याकाळी ६. चेंबर पूर्ण भरल्याशिवाय पंखा सुरू करायचा नाही अशी पद्धत असेल, तर पहिले चेंबर भरायला जवळपास साडेतीन तास लागतात. १० वाजता पॅक झालेला खोका १.२५ पर्यंत नुसता बसून राहतो, तोही पॅकिंग होऊन. दुसरे चेंबर पाच वाजण्याच्या सुमारास भरते, आणि उरलेले दोन टन पहिले रिकामे होईपर्यंत, म्हणजे साडेसातपर्यंत, बाहेर.

आता प्रत्येक चेंबरमध्ये मधोमध अडसर घालून दोन बोगदे करा, प्रत्येकाला आपापला पंखा आणि आपापली ताडपत्री. तीन-तीन टनांचे चार बोगदे झाले. एक बोगदा पावणेदोन तासांत भरतो आणि लगेच सुरू होतो. सर्वांत जास्त थांबणारा खोका आता साडेतीनऐवजी पावणेदोन तास थांबतो. चौथा बोगदा पाचच्या सुमारास भरतो आणि पावणेसहाला पहिला मोकळा होतो, त्यामुळे शेवटच्या दोन टनांनाही फार थांबावे लागत नाही. भरण्या-काढण्याचा वेळ यात धरलेला नाही, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास वाढेल. शिवाय कॉम्प्रेसरवरचा भार एकदम न पडता विभागून पडतो. दारातून गरम हवा आत येऊ नये म्हणून पट्ट्यांचा पडदा मात्र हवाच, नाहीतर दुसरा बोगदा भरताना पहिल्यातला माल पुन्हा गरम होतो. हा खर्च नव्या चेंबरच्या तुलनेत किरकोळ आहे. हे करून, चिठ्ठ्या दोन आठवडे पाहून, तरीही रांग राहिली तर तिसरे चेंबर जरूर बांधा.

फेरी संपवायची कशावर, घड्याळावर की थर्मामीटरवर? बहुतेक ठिकाणी घड्याळावर संपते आणि इथे माल न थंड होताच पुढे जातो. थंड होण्याचा वेग अर्ध्या-अर्ध्याने चालतो. हवा शून्य अंशाला आहे आणि दर दीड तासाला फळातली उष्णता निम्मी होते असे धरा. २४ अंशांचा मणी ६ तासांत १२, ६, ३ आणि १.५ वर येतो. ३२ अंशांचा मणी त्याच वेळात २ वर येतो, फरक अर्ध्या अंशाचाच. पण खोक्यांच्या रांगेत फटी राहिल्या आणि हवा फळाला न भिडता बाजूने निघून गेली, तर निम्मे व्हायला दीडऐवजी दोन तास लागतात. मग त्याच ६ तासांत २४ चा मणी ३ वर आणि ३२ चा ४ वर थांबतो. म्हणजे फटी बुजवण्याने जो फायदा होतो तो सकाळी लवकर खुडण्याच्या फायद्यापेक्षा, निदान तापमानाच्या हिशेबात, मोठा आहे. लवकर खुडा करायचा तो मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी.

फटी कुठे असतात? पॅलेटच्या खालच्या पट्ट्यांमधून, दोन पॅलेटच्या मधे, ताडपत्रीच्या कडेला आणि खोक्यांची भोके एकमेकांसमोर न आल्याने. एक पातळ कागदाची पट्टी काठीला बांधून बोगद्याभोवती फिरवा. कागद आत खेचला गेला तिथे हवा चोरवाटेने जाते आहे. फोमच्या पट्ट्या भरा. खोक्याची रचना बदलली, नवा पुरवठादार आला, की ही तपासणी पुन्हा करा, कारण भोकांची जागा दोन सेंटिमीटरने सरकली तरी हवेचा रस्ता बंद होतो.

गराचे तापमान कुठल्या खोक्यात पाहायचे यावर निकाल अवलंबून आहे. दाराजवळचा वरचा खोका हाताला येतो म्हणून तोच तपासला जातो, आणि तो नेहमी थंड असतो. हवा फळांतून शेवटी जिथून बाहेर पडते, त्या बाजूचा पॅलेटच्या मधल्या थरातला खोका सर्वांत गरम असतो. नियम असा ठेवा: प्रत्येक बोगद्यातले पाच खोके, त्यांतले तीन या गरम बाजूचे, आणि सर्वांत गरम खोका २ अंशांच्या आत आल्याशिवाय पंखा बंद नाही. सरासरी लिहूच नका. चार खोके १ अंशावर आणि एक ५ अंशांवर असेल तर सरासरी १.८ येते आणि कागदावर सगळे ठीक दिसते. क्लेम येतो तो त्या पाचव्या खोक्याच्या पॅलेटवर. थर्मामीटर रोज सकाळी बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून तपासा, ०.३ अंशांपेक्षा जास्त फरक दाखवणारा बाजूला काढा.

बुरशी रोखायला खोक्यात ठेवायच्या सल्फर पॅडचा क्रम इथेच बिघडतो. पॅडमधले मेटाबायसल्फाइट ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सोडते. माल गरम असताना पॅड ठेवून प्लास्टिक बंद केले तर आत पाणी साचते, पॅडचा पहिला डोस एकदम सुटतो, मण्याच्या देठाशी पांढरे डाग पडतात आणि युरोपची १० मिलीग्रॅम प्रतिकिलोची मर्यादा ओलांडण्याची भीती असते. उरलेल्या प्रवासासाठी पॅडमध्ये काही उरत नाही, आणि बोट्रायटिस बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढतच असते. म्हणून प्री-कूलिंगमध्ये लायनर (खोक्यातले प्लास्टिकचे अस्तर) उघडा, माल २ अंशांखाली आल्यावर पॅड, मग लायनर बंद, मग शीतगृह. रात्रीची पाळी कमी माणसांची असते, म्हणून पॅड दुपारीच ठेवून मोकळे होण्याचा मोह होतो. उपाय सोपा आहे: पॅडची पेटी पॅकिंग हॉलमध्ये ठेवायचीच नाही. ती शीतगृहाच्या अँटीरूममध्ये (दारापुढच्या खोलीत) कुलपात, किल्ली तापमान लिहिणाऱ्याकडे. चूक करणे अवघड होईल अशी मांडणी, हाच जपानी पोका-योकेचा अर्थ.

शीतगृहात साधारण दोन कंटेनरचा तयार माल नेहमी असू द्या. हा साठा वायफळ नाही. जहाजाचा कट-ऑफ (माल बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ) सरकला, पाऊस आला, टोळी आली नाही, अशा वेळी खुडा आणि जहाज यांना एकमेकांपासून सोडवणारा तोच एक दुवा आहे. पण दोनाचे चार होऊ देऊ नका, आणि जुना माल आधी निघेल अशी मांडणी हवी. मागच्या भिंतीला टेकलेले पॅलेट आठवडाभर तिथेच राहतात आणि नंतर नव्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातात. मग त्या कंटेनरमध्ये दोन वयांचे फळ असते आणि रॉटरडॅमचा अहवाल गोंधळात टाकतो. पॅलेटवर तारीख मोठ्या अक्षरात चारी बाजूंनी.

कंटेनर भरताना एक गैरसमज सोडायला हवा. रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी आहे, गरम माल थंड करण्यासाठी नाही. ४ अंशांचे पॅलेट आत गेले तर मधला भाग खाली यायला कित्येक दिवस घेतो. भरण चालू असताना यंत्र बंद ठेवा, नाहीतर बाहेरची दमट हवा खेचून कॉइलवर बर्फ धरतो. डॉकला कंटेनर हवाबंद चिकटत नसेल तर आधी थंड करून आणण्यातही अर्थ नाही, आतल्या पत्र्यावर पाणी सुटते आणि ते खोक्यांवर पडते. कंटेनरच्या आत भरणीची कमाल उंची दाखवणाऱ्या लाल रेषेच्या वर माल नको, आणि शेवटच्या पॅलेटनंतर दारापाशी जमिनीच्या टी-पट्ट्या उघड्या राहिल्या तर त्यावर पुठ्ठा टाका, कारण खालून येणारी हवा तिथून सरळ वर निघून जाते. सेट पॉइंट (यंत्राला ठरवून दिलेले तापमान) भरताना दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहून फोटो काढावा. उणे ०.५ आणि अधिक ०.५ यांत एका छोट्या रेघेचा फरक आहे, आणि बुकिंगच्या कागदावरून पुढच्या कागदावर जाताना ती रेघ गळू शकते. डेटा लॉगर (वाटेतले तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे) दोन: एक मधल्या पॅलेटमध्ये, एक दाराजवळच्या पॅलेटच्या वरच्या थरात.

रस्त्यावर सुधारण्यासारखे कमी आहे. न्हावा शेवा तुमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मधे कसारा घाट आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी. जनसेटची (रस्त्यात कंटेनरला वीज देणाऱ्या जनरेटरची) डिझेल टाकी निघताना भरलेली आहे याचा फोटो, एवढे पाळले तरी पुष्कळ.

कागदपत्रांवर मात्र थोडे थांबू या, कारण तिथले दोन तास बंदराच्या गेटवर दोन दिवस होऊ शकतात. शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचे) प्रमाणपत्र, ॲगमार्क, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन), ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील), फॉर्म १३ (बंदरात प्रवेशाचा कागद): या सगळ्यांत पॅलेट आणि खोक्यांची संख्या, निव्वळ वजन आणि सील क्रमांक पुन्हा पुन्हा येतात. दुरुस्त्या कशामुळे लागतात ते महिनाभर नोंदवा. बहुतेक वेळा कारण एकच निघते: भरताना एखादे पॅलेट बदलले जाते आणि ऑफिसला कळत नाही. भरण सुरू होण्याच्या चार तास आधी पॅलेटची यादी गोठवा. त्यानंतरचा बदल फक्त एका माणसाच्या सहीने, आणि सही करण्याआधी त्याने ऑफिसला फोन केलेला असायला हवा. पहिल्याच फेरीत बरोबर ठरलेल्या कागदांचे प्रमाण हा आठवड्याचा आकडा ठेवा.

रेसिड्यूबद्दल, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशांबद्दल, एवढेच सांगतो की तपासणी ही प्रक्रिया सुधारण्याची जागा घेऊ शकत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ रोखणारे रसायन सापडले आणि भारतीय कंटेनर अडकले, कारण आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हते. यादीत नसलेले प्रयोगशाळेला सापडत नाही. फवारणीची वही आणि औषधाच्या बाटलीवरचा काढणीपूर्व कालावधी हे बागेत पाळले गेले पाहिजे. फळछाटणीची तारीख ठाऊक असते, त्यावरून खुड्याचा आठवडा बराच आधी कळतो, म्हणून शेवटची फवारणी कधी थांबली पाहिजे हे डिसेंबरमध्येच प्लॉटवार लिहून ठेवता येते. तीच यादी जहाजाच्या बुकिंगसाठीही वापरा.

सिक्स सिग्माबद्दल. मोजमाप आधी, मत नंतर, ही त्यातली शिस्त उत्तम आहे. पण तुमच्या हंगामात साठ-सत्तर कंटेनर होतात. सुधारणेआधीच्या २० कंटेनरमध्ये ५ क्लेम आणि नंतरच्या २० मध्ये ३, यावरून सुधारणा झाली असे म्हणता येत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. क्लेम मोजत बसलात तर खरे-खोटे कळायला तीन हंगाम जातील. म्हणून दोनच गोष्टींचा नियंत्रण आलेख (प्रत्येक आकड्याचा बिंदू, आणि नेहमीच्या चढउताराच्या वरच्या-खालच्या मर्यादेच्या रेषा) ठेवा: रोजच्या चिठ्ठ्यांमधला खुडा ते थंड हवा हा सर्वांत मोठा वेळ, आणि प्रत्येक कंटेनरच्या भरणीतला सर्वांत गरम खोका. वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला हा साधा आलेख कागदावर पेन्सिलने काढता येतो. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर त्याच दिवशी कारण शोधा. रेषेच्या आत वरखाली होत असेल तर माणसांना धारेवर धरू नका, तो पद्धतीचाच चढउतार आहे आणि पद्धत बदलल्याशिवाय जाणार नाही. तपासणीसांचीही परीक्षा घ्या: तेच ३० खोके दोघांना वेगवेगळे दाखवा. स्वीकार-नकारात पाच-सहापेक्षा जास्त खोक्यांवर मतभेद झाला तर तुमचा दर्जाचा आकडा द्राक्षाबद्दल नसून तपासणाऱ्याबद्दल सांगतो आहे. फोटोंचा तक्ता भिंतीवर लावा: किती तपकिरी म्हणजे नकार.

बागायतदार, पॅकहाऊस आणि शिपिंग लाइन यांच्यातला वाद मिटवणारी एक स्वस्त सवय आहे. प्रत्येक कंटेनरमागे सहा खोके तुमच्याच शीतगृहात ठेवा, त्याच पॅड-लायनरसह, शून्य अंशाला. दोन खोके २० व्या दिवशी उघडा, दोन ३० व्या, दोन ४० व्या. रॉटरडॅमला माल खराब आणि इथला नमुनाही त्याच दिवशी खराब, तर दोष बागेत किंवा पॅकहाऊसमध्ये. इथला नमुना चांगला आणि तिथला खराब, तर लॉगरची फाइल काढा आणि शिपिंग लाइनशी बोला. फक्त लाल चिठ्ठीचा नमुना खराब निघाला तर कोणाशीच बोलायची गरज उरत नाही, पुढच्या सोमवारी ११ नंतरचा खुडा बंद करायचा. यासाठी खरेदीदाराकडून क्लेम पॅलेट क्रमांकासह मिळायला हवा. करारात तशी ओळ घाला, कारण कंटेनरच्या नुसत्या सरासरी अहवालावरून तुम्ही मागे प्लॉटपर्यंत जाऊ शकत नाही.

सॉफ्टवेअर या हंगामात घेऊ नका. प्लॉटचा माग ठेवायला अपेडाची (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची) ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंद आहे. तुमच्या आतल्या प्रक्रियेसाठी चिठ्ठ्या आणि एक स्प्रेडशीट पुरते: ओळीत पॅलेट क्रमांक, पुढे प्लॉट, चिठ्ठीचा रंग, एकूण तास, बोगदा क्रमांक, शेवटचे तापमान, कंटेनर, नमुन्याचा निकाल, क्लेम. रोज वीसेक ओळी भरायला अर्धा तास लागतो. एप्रिलअखेर ही शीट बोगदा क्रमांकाने आणि मग चिठ्ठीच्या रंगाने लावून पाहा. दोन्हींपैकी ज्या रकान्यात खराब पॅलेट एका जागी गोळा झालेले दिसतील, मे-जूनमध्ये दुरुस्तीचे पैसे तिथे लावा.